ट्रकच्या टायरची तपासणी माल भरतानाच व्हावी : माननीय परिवहन मंत्र्यांस खुले पत्र

प्रति,
माननीय परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सविनय नमस्कार.

नागपुरात अमरावती मार्गावरील वाडी परिसरात मी ट्रान्सपोर्टच्या गाड्यांचे टायर सांभाळण्याचे काम करतो. उन्हाळा तोंडावर आला असताना एकच मागणी आपल्यापुढे मांडत आहे. मालवाहू ट्रकच्या टायरची हवा आणि नक्षी (रस्त्याला टेकणाऱ्या रबरावरील खाचा) गाडी जिथे भरली जाते तिथेच, ती रस्त्याला लागण्यापूर्वी तपासली जावी आणि त्याची जबाबदारी वाहनमालक व माल भरून देणारे आवार या दोघांवर टाकावी.

सध्याची व्यवस्था आपण जाणताच. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ट्रकच्या टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. फिटनेस प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांसाठी आणि त्याहून जुन्या गाडीला एक वर्षासाठी मिळते. पण टायर काही प्रमाणपत्राच्या मुदतीने झिजत नाही. चुकीचे अलाइनमेंट किंवा सैल बेअरिंग असेल तर नवा टायरही थोड्याच महिन्यांत एका कडेने खाल्ला जातो. तपासणीपुरते चांगले टायर चढवायचे आणि परत आल्यावर ते उतरवून ठेवायचे, ही पद्धतही आमच्या व्यवसायात कोणापासून लपलेली नाही.

नक्षीपेक्षा मोठा प्रश्न हवेचा आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. हवा कमी असलेल्या टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, त्यातून उष्णता वाढत जाते, रबर आणि आतील तारांची पकड सुटते आणि शेवटी टायर फाटतो. नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो, डांबर आणि काँक्रीट त्याहूनही तापते, त्यामुळे हिवाळ्यात निभावून गेलेली कसूर या दिवसांत निभावत नाही. धावून तापलेल्या टायरमधील दाब वाढणे स्वाभाविक आहे आणि कंपनीने ठरवून दिलेला दाब हा थंड टायरचा असतो, हे अनेक चालकांना कोणी सांगितलेलेच नाही. उन्हात थांबल्यावर टायर कडक लागतो म्हणून ते हवा सोडतात. तो टायर थंड झाल्यावर ठरलेल्या दाबाच्या खाली जातो आणि पुढच्या टप्प्यात आणखी तापतो.

मागच्या जोडी टायरांची गोष्ट याहून बिकट आहे. आतल्या टायरच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचत नाही, म्हणून क्लीनर लोखंडी टॉमीने टायर ठोकून आवाजावर अंदाज बांधतो. त्या आवाजावरून पूर्ण बसलेला टायर कळतो, वीस पौंड हवा कमी असलेला कळत नाही. २०१८ मध्ये चार टायरांच्या एका ॲक्सलची (चाकांच्या आसाची) भारमर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेली, म्हणजे प्रत्येक टायरच्या वाट्याला सुमारे २.५५ टनांऐवजी २.८८ टन आले. हा हिशेब कायदेशीर भाराचा आहे आणि जोडीतले दोन्ही टायर सारखे फुगलेले आहेत असे गृहीत धरून केलेला आहे. आतला नरम असेल तर त्याच्या वाट्याचा बराचसा भार बाहेरच्यावर येतो आणि फुटतो तो बाहेरचा, म्हणजे निर्दोष टायर.

२०२३ मध्ये समृद्धी महामार्गाच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासणी सुरू झाली, तिचे मी स्वागतच करतो. तरीही तिथे पोहोचलेल्या गाडीचा टायर तापलेला असतो, त्यामुळे हवेचा खरा आकडा मिळत नाही. शिवाय गाडी माल भरून निघालेली असते. परत पाठवले तर ती घरी जात नाही, तोच टायर घेऊन जुन्या रस्त्याने जाते, जिथे दुचाकी आणि बैलगाड्याही असतात.

याउलट कळमना बाजारात, बुटीबोरीच्या कारखान्यांत किंवा उमरेड भागातील कोळशाच्या खाणींवर गाड्या भरण्यासाठी तासन्‌तास रांगेत उभ्या असतात. टायर थंड झालेले असतात, चालक मोकळा असतो आणि रिकाम्या गाडीचे वजन करायला वजनकाटा बहुतेक ठिकाणी असतोच. तिथेच कॉम्प्रेसर, प्रमाणित केलेला हवामापक आणि नक्षी मोजण्याची साधी पट्टी ठेवावी आणि प्रत्येक चाकाची हवा, नक्षी व टायरवर कोरलेला बनावटीचा आठवडा-वर्ष दाखवणारा चार अंकी आकडा काट्याच्या पावतीवर नोंदवावा. टायर नापास झाला तर माल भरू नये. जिथे हवा भरली जाईल तिथे लोखंडी पिंजराही सक्तीचा असावा, कारण टायरला रिमवर धरून ठेवणारी लोखंडी कडी, म्हणजे लॉक रिंग, हवा भरताना उडून पंक्चरवाले मरतात आणि त्याची दखल फारशी कोणी घेत नाही.

ही नोंद आणखी एका कारणासाठी हवी. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेल्या खासगी बसला आग लागून २५ प्रवासी दगावले. चालकाने टायर फुटल्याचे सांगितले, परिवहन विभागाच्या तपासणीत त्याला दुजोरा मिळाला नाही. ट्रकच्या अपघातांत तर इतकी चौकशीही क्वचितच होते. टायर फुटला असे लिहिले की कागद बंद होतो. तो का फुटला आणि निघताना त्यात किती हवा होती, हे विचारायला हाताशी काही कागदच नसतो.

आता जबाबदारीबद्दल. रस्त्यात दंड भरतो तो चालक, पण टायर विकत घेणे किंवा पुढच्या चाकाला रिमोल्ड (झिजलेल्यावर नवे रबर बसवलेला टायर) चढवणे हे तो ठरवत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये सदोष वाहन चालवणाऱ्याबरोबर ते चालवू देणाराही दोषी धरलेला आहे, म्हणजे नवा कायदा करण्याची गरज नाही. पावतीवर नापास ठरलेला टायर घेऊन गाडी रस्त्यावर सापडली, तर या कलमाखालील नोटीस मालकाच्या आणि माल भरून देणाऱ्याच्या नावे निघावी आणि हवा कमी आहे म्हणून गाडी काढण्यास नकार देणाऱ्या चालकाची मजुरी कापली जाऊ नये, इतकेच आदेशात स्पष्ट करावे. छोट्या मालकांची अडचण मला मान्य आहे, कारण डिझेलनंतरचा मोठा खर्च टायरचाच असतो. पण हवा योग्य ठेवल्याने टायरचे आयुष्य वाढते, तेव्हा या तपासणीत त्यांचा तोटा नाही.

निदान कळमना आणि बुटीबोरी या दोन ठिकाणी येत्या मार्चपूर्वी ही तपासणी सुरू करण्याचे निर्देश आपण द्यावेत, अशी विनंती आहे. चालकांना आणि काट्यावरील कर्मचाऱ्यांना थंड टायरची हवा कशी मोजायची हे शिकवण्यासाठी आमच्यासारखे वाडीतील कारागीर वेळ देण्यास तयार आहेत.

आपला नम्र,
टायर देखभाल कारागीर,
वाडी, नागपूर