गव्हर्नर सुल्झरची हकालपट्टी : मित्रास पत्र

प्रिय अरविंद,

सप्रेम नमस्कार.

डॉ. आंबेडकर १९१३ च्या जुलैत न्यूयॉर्कला उतरले, तेव्हा त्या राज्यात राजकारणाची हवा कशी होती, असे तू विचारले होतेस. कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांच्या हाताखाली ते सार्वजनिक वित्तव्यवस्था शिकले, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. पण नेमक्या त्याच उन्हाळ्यात, हडसन नदीच्या काठाने उत्तरेला असलेल्या ऑल्बनी या राजधानीत, राज्याच्या गव्हर्नरवर महाभियोगाची तयारी चालली होती, आणि ऑक्टोबरात त्याला पदावरून काढलेही गेले. न्यूयॉर्कच्या इतिहासात असे आजवर एकदाच घडले आहे. बाबासाहेबांना मी या गोष्टीत ओढत नाही. गोष्ट विल्यम सुल्झरची आहे आणि ती सवडीने सांगण्याजोगी आहे.

आधी एक खुलासा. तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपल्या राजभवनातला राज्यपाल नव्हे. मतदार त्याला थेट निवडून देतात, कारभार तोच चालवतो, नेमणुका तोच करतो आणि विधेयके नामंजूर करण्याचा अधिकारही त्याच्याकडे असतो. त्या काळी या पदाची मुदत दोन वर्षांची होती. सुल्झरला दहा महिनेही पुरे मिळाले नाहीत.

सुल्झर वाढला तो टॅमनी हॉलच्या छायेत. मॅनहॅटनमधल्या डेमोक्रॅटिक पक्षाची ही संघटना परदेशातून आलेल्या गरिबांना नोकरी लावून द्यायची, हिवाळ्यात कोळसा पुरवायची, घरात मयत झाली तर अंत्यविधीला उभी राहायची, आणि निवडणुकीच्या दिवशी त्या सगळ्याची परतफेड मतांनी वसूल करायची. या मंडळींपैकी प्लंकिट नावाच्या एका पुढाऱ्याने तर ‘प्रामाणिक कमाई’चे तत्त्वज्ञानच मांडले होते. नवी बाग कुठे होणार हे आधी कळले आणि तिथली जमीन घेऊन ठेवली, तर त्यात चोरी कसली, असा त्याचा सवाल होता. हे वाचताना तुला आपल्याकडचे रिंगरोड आठवले तर तो दोष माझा नव्हे.

१९०२ पासून या संघटनेची सूत्रे चार्ल्स मर्फीच्या हातात होती. हा पूर्वीचा दारूच्या गुत्त्याचा मालक फार कमी बोलायचा, भाषणे करीत नसे, आणि डेल्मॉनिकोज या महागड्या उपाहारगृहाच्या वरच्या मजल्यावरील खासगी खोलीत बसून राज्याच्या नेमणुका ठरवायचा. अठरा वर्षे काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, बसलेला, उंचापुरा, भाषणबाज सुल्झर याच मर्फीच्या संमतीने १९१२ मध्ये गव्हर्नरपदाचा उमेदवार झाला. त्या वर्षी माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने वेगळी चूल मांडल्यामुळे रिपब्लिकन पक्ष दुभंगला होता, त्यामुळे विजय सोपा गेला. पदावर येताच सुल्झरने गव्हर्नरच्या निवासस्थानाला ‘लोकांचे घर’ म्हणायला सुरुवात केली. इतपत नाटक मर्फीनेही खपवून घेतले असते.

खटका उडाला तो रस्त्यांवरून. राज्यात महामार्गांवर प्रचंड पैसा खर्च होत होता, आणि सुल्झरच्या म्हणण्याप्रमाणे मर्फीने गॅफ्नी नावाच्या आपल्या कंत्राटदार दोस्ताला महामार्ग खात्याचा आयुक्त करण्याचा आग्रह धरला. सुल्झरने नकार तर दिलाच, वर रस्त्यांच्या कामांतील गैरव्यवहारांची चौकशी लावली. मग त्याने मुळावरच घाव घातला. पक्षाचे उमेदवार पक्षाच्या अधिवेशनात न ठरवता पक्षाच्या मतदारांनी थेट निवडावेत, असे विधेयक त्याने रेटले. अधिवेशन ज्याच्या मुठीत, आमदार त्याच्या मुठीत, असा सरळ हिशेब असल्यामुळे त्या आमदारांनी या विधेयकाला हात लावणे शक्यच नव्हते. विधेयक पडले, सुल्झरने जूनमध्ये विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलावले, तिथेही ते पडले.

आणि मग विधिमंडळाच्या समितीने गव्हर्नरची खातेवही उघडली. निवडणुकीनंतर शपथेवर दिलेल्या हिशेबात सुल्झरने एकूण ५,४६० डॉलर देणग्या दाखवल्या होत्या. प्रत्यक्षात जेकब शिफ या बँकरचे २,५०० डॉलर, हेन्री मॉर्गेन्थॉ यांचे १,००० डॉलर आणि आणखी कितीतरी धनादेश त्यात नव्हतेच. त्यातला पैसा वॉल स्ट्रीटच्या दलालांकडे शेअर घेण्यात गेला होता, तोही नाव झाकून ठेवलेल्या खात्यांवर. असेंब्लीत, म्हणजे विधिमंडळाच्या खालच्या सभागृहात, मतदान व्हायच्या आदल्या रात्री सुल्झरच्या पत्नीकडून निरोप आला की हे सगळे व्यवहार तिने नवऱ्याला न सांगता केले. त्याचा उपयोग झाला नाही. रात्रभर चाललेल्या बैठकीत १३ ऑगस्टच्या पहाटे ७९ विरुद्ध ४५ मतांनी महाभियोग मंजूर झाला. पुढे काही काळ राज्याला दोन गव्हर्नर होते, कारण सुल्झर खुर्ची सोडीना आणि नायब गव्हर्नर मार्टिन ग्लिन कारभार हाती घेऊन बसलेला.

खटला १८ सप्टेंबरला सुरू झाला. सेनेटर, म्हणजे वरच्या सभागृहाचे सदस्य, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाचे न्यायाधीश एकत्र बसून निकाल देतात, अशी तिथली पद्धत. मॉर्गेन्थॉ यांनी साक्षीत सांगितले की, सुल्झरने त्यांना फोन करून ही देणगी दोघांमधली खासगी बाब समजावी अशी गळ घातली होती. सुल्झर स्वतः साक्षीला उभा राहिलाच नाही. अध्यक्षस्थानी असलेले मुख्य न्यायाधीश एडगर कलन यांचे मत मात्र ठाम होते की, पदावर येण्यापूर्वी केलेल्या कृत्यासाठी पदावरून काढता येत नाही. अखेर १७ ऑक्टोबरला ४३ विरुद्ध १२ मतांनी त्याला काढण्यात आले.

सुल्झर दोषी होता, याबद्दल मला शंका नाही. पण त्या दोषासाठी त्याला काढले नाही, याबद्दलही नाही. देणग्या लपवणाऱ्याला शिक्षा करणारे सभागृह, रस्त्यांच्या पैशाकडे मात्र पाठ फिरवून बसले होते. इथपर्यंत गोष्ट सरळ वाटते, आणि बहुतेक लोक ती इथेच संपवतात. मला ती इथे संपवता येत नाही, कारण महाभियोग घडवून आणणाऱ्या सभागृहांत सूत्रे होती असेंब्लीचा सभापती अल स्मिथ आणि सेनेटमधला बहुमताचा नेता रॉबर्ट वॅग्नर यांच्याकडे. दोघेही मर्फीची माणसे. पण त्यांची दुसरीही एक बाजू होती.

२५ मार्च १९११ ला मॅनहॅटनमध्ये ट्रायँगल कंपनीच्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. नवव्या मजल्यावरचे एक दार कुलूपबंद होते. १४६ जीव गेले, बहुतेक ज्यू आणि इटालियन घरांतल्या तरुण मुलींचे. गंमत म्हणवत नाही, पण आदल्याच दिवशी राज्याच्या न्यायालयाने कामगार नुकसानभरपाईचा कायदा घटनाबाह्य ठरवला होता. आगीनंतर नेमलेल्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष होते वॅग्नर आणि उपाध्यक्ष स्मिथ. फ्रान्सिस पर्किन्स ही तरुण कार्यकर्ती या दोघांना कारखान्यांतून हिंडवायची. ऑबर्नच्या दोरखान्यातून दहा तासांची रात्रपाळी संपवून सकाळी बाहेर पडणाऱ्या बायका तिने स्मिथला दाखवल्या. एका कारखान्यात ‘आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा मार्ग’ म्हणून भिंतीत भोक होते. तिने वॅग्नरला त्यातून रांगत बाहेर जायला लावले, तर पलीकडे बर्फाने माखलेली शिडी, आणि तीही जमिनीपासून बारा फुटांवर संपलेली. १९१३ च्या त्याच विधिमंडळाने कारखान्यांतील सुरक्षिततेचे कायदे ढिगाने मंजूर केले, आणि त्यांतील अनेकांवर सही सुल्झरची आहे. मर्फीने ते अडवले नाहीत. मेलेल्या मुली ज्या गल्ल्यांतल्या, त्याच गल्ल्या टॅमनीला मते देत होत्या, आणि हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मतदारांनी नोव्हेंबरात आपला हिशेब केला. न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदाच्या निवडणुकीत टॅमनीचा उमेदवार पडला, आणि मॅनहॅटनच्या ईस्ट साइड भागातल्या लोकांनी हकालपट्टी झालेल्या सुल्झरला तीन आठवड्यांच्या आत असेंब्लीवर निवडून पाठवले. डिसेंबरात ग्लिनने बोलावलेल्या खास अधिवेशनात थेट उमेदवार निवडण्याचा कायदा झाला, ज्यासाठी सुल्झर हरला होता. कामगार नुकसानभरपाईचा कायदाही त्याच वेळी झाला. १९१४ मध्ये सुल्झर पुन्हा गव्हर्नरपदासाठी उभा राहिला आणि पडला. स्मिथ चार वेळा गव्हर्नर झाला, आणि कामगारांच्या बाजूने त्याच्याइतके काम करणारा गव्हर्नर त्या राज्याला क्वचितच मिळाला, असे मी म्हणेन.

तुझी उभी हयात वकिलीत गेली, म्हणून एक गोष्ट विचारतो. कलन यांचा मुद्दा मला कायद्याच्या दृष्टीने पटतो, पण साक्षीदारांना गप्प करण्याचा प्रयत्न सुल्झरने गव्हर्नर असतानाच केला होता, आणि त्या आरोपावर त्याच्याविरुद्ध अधिक मते पडली. मग पहिल्या आरोपांना पाय नसतील, तर हा एकटा आरोप हकालपट्टीला पुरेसा धरायचा का? तू त्या न्यायपीठावर असतास तर कोणीकडे मत दिले असतेस, ते सविस्तर कळव.

तुझा,
श्रीधर