मलनाडचं रान आणि कुळागरातला सरडा

वाळपई, आषाढ

प्रिय विनू,

कन्नड लेखक कुवेंपूंची मलनाडवरची, म्हणजे कर्नाटकातल्या डोंगराळ रानावरची कादंबरी 'मलेगळल्लि मदुमगळु' (1967) संपली एकदाची. डोंगरातली नवरी. इंग्रजीतून वाचली, तरी दीड महिना लागला.

पहिली शंभर पानं वैतागलो होतो. गुत्ती हा होलेय या दलित जातीतला गडी हुलिया कुत्र्याला घेऊन तीर्थहळ्ळीकडच्या रानातून चालतोय, चालतोच आहे. नायक कोण ते कळेना. मग पुन्हा पहिलं पान काढलं. लेखकाने बजावूनच ठेवलंय: इथे कुणी मुख्य नाही, कुणी अमुख्य नाही, काहीच यःकश्चित नाही. मी ते न वाचताच पुढे गेलो होतो!

तरी रानात सगळे सारखे, असला भाबडेपणा तिथे नाही. जळवा जमीनदार गौडालाही लागतात, गुत्तीलाही. पण मोठ्या घरापाशी पोचलं की गुत्तीची जागा अंगणाबाहेर. त्याला तिम्मीला पळवून न्यायचीय, त्यातही आधी जात आणि मालक, मग पाऊस. (आपल्याकडे कथेत कोकणचा पाऊस आला की एकतर प्रेम जमतं, नाहीतर भूत निघतं.) काळ 1893च्या आसपासचा, विवेकानंदांची शिकागोची बातमीही येऊन जाते. माझ्या लक्षात मात्र तुंगा नदीच्या पुरात गेलेला हुलियाच राहिला.

लगेच कुवेंपूंच्या मुलाची, पूर्णचंद्र तेजस्वींची 'कर्वालो' (1980) ही कादंबरी घेतली. छोटी आणि खट्याळ. इथे मुडिगेरेचं रान, मधमाश्या, पोलिसांची लफडी. मंदण्णाला गाव बिनकामाचा समजतं. शास्त्रज्ञ कर्वालो मात्र त्याच्याच डोळ्यांवर भरवसा ठेवून उडता सरडा शोधायला निघतो. सरडा सापडतो, आणि कड्यावरून तरंगत दरीत नाहीसा होतो. वडिलांच्या रानात नाती गुंतलेली, मुलाच्या रानात कुतूहल. मला मुलाचं जास्त आवडलं, तू भांडशील.

आता ऐक. परवा जरा उघाड पडली म्हणून काकांच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत गेलो. बोर्डो, म्हणजे बुरशीवरचं औषध फवारायला गडी आला होता. त्याने एका पोफळीकडे बोट केलं. मला नुसती करडी साल दिसली. मग त्या सालीच्या गळ्याखाली पिवळी पताका उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मोबाइल काढेपर्यंत बरगड्यांवरचं कातडं पसरून सरडा समोरच्या पोफळीवर!

मी ओरडलोच. गडी म्हणाला, "हो हांगा सदांच आसता."

तीस वर्षं मी त्या कुळागरात जातोय, विनू.

'कर्वालो' पोस्टाने पाठवतोय. परत कर, मागच्या दोन पुस्तकांसकट.

तुझा,
दत्ता