रस्त्यातली खुर्ची

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. आई, वेळेवर जेवते, जाड कोट घालते आणि रात्री उशीर झाला तर विद्यापीठाच्या गाडीने घरी येते.

बाबा, शिकागोतल्या गोळीबाराची बातमी पाठवून तुम्ही लिहिलंत, "तिथली माणसंच तशी." ते मला लागलं. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या समाजशास्त्रज्ञांनी याच शहरात बालन्यायालयात आलेल्या मुलांचे पत्ते नकाशावर मांडले होते. पुस्तक १९४२ चं. कारखान्यांलगतच्या गरीब वस्त्यांत आधी जर्मन, आयरिश राहत, मग पोलिश, इटालियन आले. माणसं पार बदलली, तरी गुन्ह्यांत सापडणारी मुलं त्याच वस्त्यांत जास्त राहिली. आणि जी कुटुंबं तिथून बाहेर पडली, त्यांच्या मुलांत ते प्रमाण घटलं. मग दोष रक्तात कसा असेल? गरिबी, सारखी बदलणारी बिऱ्हाडं, कुणाची कुणाशी ओळख नाही; पोराला हटकणार कोण?

इथली एक रीत मला पहिल्या हिवाळ्यात कळेचना. बर्फ पडलं की लोक फावड्याने उपसून गाडीपुरती जागा मोकळी करतात आणि गाडी घेऊन जाताना तिथे जुनी खुर्ची ठेवतात. कुणी इस्त्रीचं टेबल ठेवतं, कुणी दोन बादल्यांवर फळी. याला 'डिब्स' म्हणतात. रस्ता सगळ्यांचा, कायद्याने ती जागा कुणाचीच नाही. तरी आमच्या गल्लीत संध्याकाळपर्यंत खुर्चीला कुणी हात लावत नाही, कारण समोरच्या खिडकीतून कुणीतरी बघत असतं. मला यात राखण दिसते, पोलिसांशिवायची.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या ३४३ वस्त्यांतल्या ८,७८२ रहिवाशांना असंच काही विचारलं होतं: मुलं शाळा बुडवून नाक्यावर उभी दिसली, तर शेजारी मध्ये पडतील का? जिथे एकमेकांवर भरवसा होता आणि उत्तर 'हो' होतं, तिथे हिंसा कमी निघाली, गरिबी हिशोबात धरूनसुद्धा. हे १९९७ साली छापून आलं.

परवा भर शाळेच्या वेळी दोन पोरं आमच्या कोपऱ्यावर बसली होती. मी मान खाली घालून पुढे गेले. त्यांची नावं मला माहीत नाहीत, आणि मे महिन्यात हे घरही सोडायचंय, दोन वर्षांतलं तिसरं. आईला चक्कर आली तेव्हा शेजारच्या काकू धावल्या. मला मात्र आठ दिवसांनी कळलं. यापुढे लपवू नका.

कर्जाच्या दोन हप्त्यांचे पैसे मी एकदम पाठवलेत. ताईच्या लग्नाची तारीख नेमकी माझ्या परीक्षेत येते आहे. ती पुढे ढकलू नका, मुलाकडच्यांना अवघड होईल. तिकिटाचे पैसे तिच्या दागिन्यांना लावा. करवली म्हणून काकूंच्या मुलीला उभी करा.

ताईला राग आलाय का, तेवढं खरं कळवा.

तुमची,
धाकटी