सिस्टर, तुमचा तो कागद अजून कपाटावर आहे

आदरणीय सिस्टर,

नाव लिहीत नाही, पण वाचलंत तर ओळखाल. मालवणहून येणारा, पायाच्या हाडाचा कॅन्सर झालेला ११ वर्षांचा मुलगा. दर केमोला कुडाळहून तुतारी एक्स्प्रेसने मुंबईला यायचा. त्याची मी आई.

सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाच्या पहिल्या डोसनंतर तो इतका ओकला की शेवटी नुसतं पिवळं पाणी पडत होतं. ‘केमो म्हटली की उलट्या व्हायच्याच’ हेच ऐकलेलं, मीही तेच धरून बसले. दुसऱ्या वेळी तर हॉस्पिटलचं गेट दिसताच "आये, पोटात ढवळता गो" म्हणाला आणि टॅक्सीतच ओकला. औषधाचा थेंबही अंगात गेला नव्हता. मी त्याला ओरडले. त्याची अजून लाज वाटते.

तुम्ही मला बाजूला बसवलंत. तो नाटक करत नाहीये, म्हणालात, पहिल्या वेळचा त्रास शरीराने लक्षात ठेवलाय. मग समजावलंत: केमोमुळे आतड्यातल्या पेशी सेरोटोनिन सोडतात, त्यातून मेंदूला उलटीची वर्दी जाते. ऑन्डान्सेट्रॉन ती वर्दी अडवतं, म्हणून ते केमोच्या अर्धा तास आधी द्यायचं, मळमळ सुरू झाल्यावर नाही. आम्ही कौलं मे महिन्यात परततो, पाऊस लागल्यावर नाही. मला लगेच उमगलं. डॉक्टरांशी बोलून उलट्या रोखणारं अ‍ॅप्रेपिटंटही तुम्हीच सुरू करवून घेतलंत.

आणि तो कागद. सिस्प्लॅटिनची मळमळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा उसळते, म्हणून बरं वाटलं तरी गोळ्या घड्याळ बघून. गोळी लगेच उलटून पडली तर फोन. शौचाला खडा होईल, घाबरू नका, पण सांगा. सहा-आठ तास लघवी झाली नाही तर वाट बघत बसू नका. पेज गार करून, घोट घोट.

खाली तुम्ही मुद्दाम लिहिलंत: त्या दिवसांत आवडीचं काही करू नका, मळमळीशी जोडलं गेलं तर कायमचं तोंड फिरवेल. त्याचा जीव बांगड्यावर. केमोच्या आठवड्यात आमच्या घरात मासा शिजला नाही. शेजारच्या काकीसुद्धा वास येऊ नये म्हणून तळण टाळायच्या.

उलट्या अगदी थांबल्या असं नाही. चौथ्या केमोला दोनदा झाल्या. पण दोनदाच, सिस्टर! रात्री तो झोपला, त्याच्याबरोबर मीही झोपले.

परवा त्याने दोन तळलेले बांगडे खाल्ले, काटे स्वतः काढून. तुम्हाला हे कळवायचं होतं.

तुमची,
त्याची आई