देवदूत म्हणजे परी नव्हे

महोदय,

देवदूत आणि जगाच्या अंतावरच्या किशोर कादंबऱ्या ठाण्यातल्या काही वाचनालयांत मुखपृष्ठावरचे पंख बघून परीकथांच्या कपाटात लावल्या जातात. आठ वर्षांचे मूल त्या घरी नेते आणि पहिल्याच प्रकरणात मुडदे पडतात. त्यांची जागा भयकथा-अद्भुतकथांच्या कपाटात, 14 वर्षांपुढच्या वाचकांसाठी. कण्यावर भागाचा क्रमांक ठळक हवा. तिसरा भाग आधी वाचला तर कोण पतित आणि कोण निष्ठावान, हेच कळत नाही.

या कथांचा कच्चा माल जुना आहे. बायबलच्या ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकात 6व्या अध्यायात चार घोडेस्वार येतात, 8व्यापासून कर्णे वाजू लागतात, 12व्यात देवदूत मीखाएल अजगराशी लढतो. हनोखाच्या ग्रंथात, म्हणजे एका प्राचीन यहुदी ग्रंथात, तर 200 देवदूत पृथ्वीवर उतरतात. त्यांतला एक माणसांना तलवारी घडवायला आणि डोळे रंगवायलाही शिकवतो!

अनुवादकांनी ‘अपोकॅलिप्स’ला (जगाच्या अंतासाठी वापरला जाणारा इंग्रजी शब्द) सरसकट ‘प्रलय’ म्हणू नये. प्रलय म्हटले की आपल्याला पाणी, मनू आणि मासा आठवतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पडदा दूर होणे; म्हणूनच मराठी बायबलमध्ये ‘प्रकटीकरण’ आहे.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे