हार्नेस वाटलेत, पण ते अडकवायचे कुठे?

मा. कामगारमंत्री यांस,

सविनय नमस्कार.

मागच्या अपघातानंतर आपण शब्द दिला होता की उंचीवर काम करणारा एकही कामगार यापुढे संरक्षणाशिवाय राहणार नाही. त्यानंतर हार्नेस, म्हणजे पडणाऱ्याला अडवणारे अंगाभोवतीचे पट्टे, वाटले गेले, वाटपाचे फोटोही आले. या आठवड्यात एक कामगार ४ मीटर उंचीच्या स्लॅबच्या कडेवरून पडून दगावला. अंगात हार्नेस होता, हार्नेसला जोडलेल्या दोराचा, म्हणजे लॅनयार्डचा, हूकही अडकवलेला होता. तरी त्याच संध्याकाळी आपल्या कार्यालयाने पत्रक काढले की कामगाराने साधन नीट वापरले नाही. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहावे लागत आहे.

साहेब, हिशेब करून पाहा. लॅनयार्ड २ मीटरचा. पडताना झटका बसल्यावर, तो शोषणारा त्याचा घडीचा पट्टा म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर उलगडतो, तो जास्तीत जास्त १.७५ मीटर. लॅनयार्ड जिथे जोडतात त्या पाठीवरच्या कडीपासून (डी-रिंग) तळपायापर्यंत साधारण १.५ मीटर. त्याखाली किमान १ मीटर मोकळी जागा हवी. बेरीज ६.२५ मीटर, आणि ती अँकरपासून, म्हणजे हूक जिथे अडकवतात त्या जागेपासून, खाली मोजायची असते. या माणसाचा हूक पायाशी, स्लॅबमधून वर आलेल्या सळईला होता आणि जमीन ४ मीटरवर. दोर ताणला गेला तेव्हा त्याचे पाय जमिनीपासून अर्ध्या मीटरवर होते आणि वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास. अ‍ॅब्सॉर्बर उलगडायला जागाच नव्हती. त्याला जसे शिकवले तसेच त्याने केले. चुकीचे साधन चुकीच्या जागी देणारा कोण, हे पत्रकात नाही.

त्या कडेला हवा होता कठडा. वरचा दांडा सुमारे १ ते १.१ मीटरवर, मध्ये एक दांडा, आणि खाली १५ सेंटिमीटरची फळी, म्हणजे हातोडी किंवा वीट घरंगळून खालच्या माणसाच्या डोक्यात पडणार नाही. वरच्या दांड्याने ९० किलोचा रेटा सहन केला पाहिजे. तिथे रंगीत फीत बांधून चालत नाही. कठडा शक्यच नसेल तर कडेपर्यंत पोहोचूच न देणारा आखूड दोर, नाहीतर डोक्यावरचा अँकर. हा क्रम आमच्या मनचा नाही. ब्रिटनच्या २००५ च्या नियमांत तो स्पष्ट आहे: आधी उंचीवरचे काम टाळा, टाळता येत नसेल तर पडणेच रोखा, आणि तेही जमत नसेल तरच पडण्याचे परिणाम कमी करा. त्यात अंगावरची साधने सर्वांत शेवटी येतात. आपण शेवटून सुरुवात केलीत आणि तिथेच थांबलात.

आता अँकर. साइटवर हूक कशाकशाला अडकतो ते एकदा बघा: खिडकीचे ग्रिल, पाण्याचा पाइप, परांचीचा सैल आडवा पाइप. शॉक अ‍ॅब्सॉर्बर असला तरी पडता माणूस थांबवताना ६ किलोन्यूटनपर्यंत, म्हणजे सुमारे ६०० किलोचा भार येतो. अ‍ॅब्सॉर्बर नसेल तर त्याहून कितीतरी जास्त. म्हणून अमेरिकेच्या नियमांत अभियंत्याने वेगळी रचना करून दिली नसेल तर एका माणसामागे अँकरची ताकद सुमारे २२ किलोन्यूटन लागते. ग्रिलचे चार स्क्रू हे कुठून देणार?

आडव्या लाइफलाइनची, म्हणजे हूक अडकवण्यासाठी दोन खांबांमध्ये ताणलेल्या दोराची, गोष्ट याहून गंभीर आहे, कारण ती पाहून सगळ्यांना धीर येतो. मुकादम ती जितकी ताणून बांधेल तितकी चांगली, असा समज आहे. भार आल्यावर दोर जेमतेम ५ अंश झुकला, तर मध्यावरच्या ६ किलोन्यूटनचा प्रत्येक टोकाला सुमारे ३४ किलोन्यूटन ताण होतो. टोकाचा खांब तेवढ्यासाठी बांधलेला नसतो. त्यात दुमडलेले टोक दोराला आवळून धरणारे क्लॅम्प उलटे बसवलेले. १२ मिलिमीटरच्या वायर रोपला टोकाशी किमान ३ क्लॅम्प, एकमेकांपासून ७२ मिलिमीटरवर, क्लॅम्पची खाचेची बैठक भार घेणाऱ्या दोरावर आणि त्याचा वाकवलेला यू-बोल्ट मोकळ्या टोकावर, असे बसवावे लागतात. पहिला ताण दिल्यावर नट पुन्हा आवळायचे. यू-बोल्ट भाराच्या बाजूला आला की तो तारा चिरडतो आणि दोर ऐन वेळी घसरतो. हे तपासायला पाच मिनिटे लागतात, पण तपासणाऱ्याला ते शिकवलेलेच नसते.

आणि समजा, सगळे जमले, माणूस हवेत लटकून वाचला. पुढे? मांड्यांचे पट्टे आवळतात, पायांत रक्त साचते, काही मिनिटांतही शुद्ध हरपू शकते. अग्निशमन दलाची वाट पाहणे ही सुटकेची योजना नव्हे. खाली उतरवण्याचा संच साइटवर हवा, तो वापरायचा सराव केलेली माणसे त्याच पाळीत हवीत. वाटलेल्या हार्नेसबरोबर असा एक तरी संच दिला का? हेल्मेटलाही हनुवटीचा पट्टा नाही, म्हणजे पडताना डोक्याच्या आधी हेल्मेटच सुटणार.

हार्नेसचा विषयच नाही अशा जागांचे तर नावही कोणी काढत नाही. डक्टवर, म्हणजे पाइपांसाठी स्लॅबमध्ये सोडलेल्या भोकावर, नुसते ठेवलेले प्लायवूड: कोणीतरी ते उचलतो, दोन्ही हातांत धरून पुढे पाऊल टाकतो आणि त्याच भोकातून खाली जातो. झाकण खिळ्यांनी पक्के करून त्यावर 'खाली भोक आहे' असे रंगवायला किती खर्च येतो? सिमेंटच्या पत्र्यांत बसवलेले उजेडाचे प्लॅस्टिकचे पत्रे धुळीने आजूबाजूच्या रंगाचे होतात आणि पाय सरळ आरपार जातो. तिथे चालायला फळ्या आणि पत्र्याखाली जाळी लागते.

हे सगळे ठाऊक असूनही होत नाही, कारण निविदेत सुरक्षेला स्वतःची ओळच नसते. 'दरात समाविष्ट' एवढेच लिहिलेले असते आणि काम सर्वांत कमी दरवाल्याला मिळते. कठडा प्रामाणिकपणे धरणारा कंत्राटदार तिथेच बाद होतो. जिंकलेला काम खाली देतो, तो आणखी खाली, आणि शेवटच्या मुकादमाकडे दोर विकत घ्यायलाही पैसा उरत नाही. निरीक्षक कळवून येतात, त्या दिवशी सगळ्यांच्या अंगात हार्नेस असतात, रकान्यात बरोबरची खूण पडते. माणूस मेला की खापर त्याच्याच डोक्यावर. बांधकामातील सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १६७ क्रमांकाचा करार १९८८ सालचा आहे, त्यात उंचीवरच्या कामासाठी स्वतंत्र कलम आहे. इतकी वर्षे गेली, अजून आपल्याकडे एका फळीसाठी भांडावे लागते. कामगाराचा जीव दरपत्रकात बसत नाही म्हणून तो हिशेबातून वगळायचा, ही सवय केवळ कंत्राटदारांची नाही. निविदा सरकारच काढते.

तेव्हा कठडे, जाळ्या, झाकणे, अँकर यांची निविदेत वेगळी मोजमापे आणि वेगळे दर द्या, त्या दरावर बोली नको. अँकरच्या नकाशावर अभियंत्याची सही असल्याशिवाय काम सुरू होऊ देऊ नका. पडणारा माणूस नुसत्या कमरेच्या पट्ट्याने अडवायला बंदी घाला. जागा बदलताना एक हूक कायम अडकलेला राहावा म्हणून दोन शेपट्यांचे लॅनयार्ड द्या. एकदा पडणे झेललेला हार्नेस कापून टाकला जातो की नाही, हे पाहा. तपासणी न कळवता करा.

आणि या आठवड्यातल्या अपघाताचा अहवाल अंतिम होण्यापूर्वी कंत्राटदाराकडून चार कागद मागवा: त्या कडेला कठडा का नव्हता याचे लेखी कारण, सळईला अँकर म्हणून मंजुरी देणाऱ्याची सही, अँकरखालच्या मोकळ्या उंचीचे मोजमाप, आणि सुटकेची योजना. हे कागद नसतील तर तसे अहवालात लिहा आणि कामगाराला दोषी ठरवणारे ते पत्रक मागे घ्या.

आपले,
उंचीवरच्या कामांची सुरक्षा पाहणारे आम्ही काही जण