विंडोज 11 न टाकल्याबद्दल जाहीर आभार

दादा,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी अंक छापून आला. कोजागरीच्या आधीच शेवटचा फर्मा छपाईला गेला आणि वसुबारसेला प्रती दुकानांत पोचल्या. संपादकांनी फोन करून कौतुक केलं, तेव्हा पहिलं कुणाची आठवण झाली असेल तर माझा संगणक नीट करून देणाऱ्या तुमची. तुम्ही नाव लिहू नका म्हणालात म्हणून लिहीत नाही. कोल्हापुरात ज्यांना ओळखायचंय ते ओळखतीलच. पण आभार चारचौघांतच मानणार आहे, कारण तुमच्या आधी ज्यांनी मला विंडोजवरून घाबरवलं त्यांनीही ते चारचौघांतच केलं होतं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. मी अक्षरजुळणी करते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, कवितासंग्रह आणि वर्षाकाठी एक जाडजूड दिवाळी अंक. सासऱ्यांची ट्रेडलची प्रेस होती, तिथं मी छपाईचे खिळे जुळवलेले पाहिलेत. नंतर घरात संगणक आला आणि तेव्हापासून पानं लावायचं पेजमेकर आणि मराठी फाँटचं श्रीलिपी हेच माझे दोन हात. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, 7.0, 2001 साली आली, हे मला माहीत आहे. जुनं आहे, हेही माहीत आहे. ते सांगायला कुणी दुकान उघडून बसायची गरज नाही. माझ्याकडच्या सगळ्या जुन्या फायली त्यात आहेत आणि गिऱ्हाईक येतं ते "मागच्या वर्षीचंच काढा, फक्त तारीख बदला" असं म्हणत येतं.

तर विंडोज 10 चा पाठिंबा, म्हणजे सुरक्षेची अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला थांबणार, हे मायक्रोसॉफ्टनं बरंच आधी जाहीर केलेलं. तारीख कशी, तर ऐन दिवाळीच्या तोंडावर. अक्षरजुळणीवाल्यांचा ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे जेवायला वेळ नसतो. गणपती उठले की लेखकांचा एकेक लेख येतो, निम्म्यांचा हातानं लिहिलेला, उरलेल्यांचा फोनवर. आणि त्यात जो भेटेल तो विचारतोय, "काकू, तुमचं विंडोज अकरा झालं का?"

पहिल्या दुकानात मी नुसतं विचारायला गेले होते. काउंटरवरच्या मुलानं मान वर न करता सांगितलं, "चौदा तारखेनंतर मशीन चालू केलं की हॅक." दुसऱ्याचं म्हणणं, प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत नसला तरी आम्ही टाकून देतो, उद्या घेऊन जा. त्यानं यावर चालतं काय, हे विचारलं नाही. माझ्याच गल्लीत दोन घरं सोडून एक बाई माझंच काम करते. तिनं तिथं मशीन दिलं. परत आलं ते चकचकीत, नवीन चित्रं, नवीन रंग. श्रीलिपीचं लॉक, म्हणजे ते चालवायला मशीनला जोडायची खुंटी, लावलं तर ओळखेना, जुनी फाईल उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा रगडा. दुकानदार म्हणाला, "ते सॉफ्टवेअर आमच्याकडून घेतलं नव्हतं." विषय संपला. माझ्या भाच्यानं पुण्याहून फोनवर विंडोजच काढून लिनक्स टाकायचा सल्ला दिला. त्याचा हेतू चांगला होता एवढंच म्हणते. जाऊबाईंचा सल्ला सगळ्यांत बरा निघाला: पितृपक्ष चालू आहे, नवीन काही घेऊ नका.

अशा अवस्थेत तुम्ही आलात, तेही दुसऱ्याच कामाला, शेजारच्या क्लासमधला प्रिंटर बघायला. माझ्याकडे डोकावलात ते मी हाक मारली म्हणून.

तुम्ही मशीनला हात लावला नाही. स्टूल ओढून बसलात आणि म्हणालात, "काकू, यावर तुम्ही काय करता ते मला एकदा करून दाखवा." एवढ्या वर्षांत संगणक बघायला कितीतरी जण आले, हे कुणी म्हटलं नव्हतं. मी अंकाचं एक पान उघडलं, रकाना बसवला, एक ओळ टाइप केली. तुम्ही विचारलंत, "वेलांटी आधी का दाबली?" मी सांगितलं, या जुन्या फाँटमध्ये जशी दिसते तशी लिहितात, ह्रस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते म्हणून ती आधी. युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, ती अक्षरानंतर टाइप होते. रफाराचं बरोबर उलटं. म्हणून तर आपोआप रूपांतर करणारी साधनं 'स्थिती'ची 'सि्थती' करून ठेवतात आणि कवितेतल्या दऱ्यांचा दर्या होतो. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "म्हणजे तुमचा प्रश्न विंडोजचा नाहीच."

मग तुम्ही जे सांगितलंत ते इतकं सरळ होतं की माझा मलाच राग आला, हे आधीच्यांनी का सांगू नये! माझं विंडोज 10 हे 32 बिटचं. अकरा फक्त 64 बिटमध्ये येतं. म्हणजे आहे ते ठेवून वर चढायची सोयच नाही. सगळं पुसून नव्यानं टाकायचं, आणि लॉकचा जुना 32 बिटचा ड्रायव्हर तिथं चालणार नाही. त्यात प्रोसेसर सहाव्या पिढीचा. अकरासाठी मायक्रोसॉफ्टनं मान्य केलेल्या इंटेल प्रोसेसरांची यादी जवळजवळ सगळी आठव्या पिढीपासून पुढची. शेजारणीचं का बिघडलं, ते या चार वाक्यांत कळलं. अपग्रेड करावं की नाही, हा प्रश्न माझ्या मशीनपुरता आधीच सुटलेला होता आणि मी आपली रात्र रात्र तळमळत होते.

आणि तरी तुम्ही "काही होत नाही, वापरा बिनधास्त" असंही म्हणाला नाहीत. मला त्याचंच जास्त वाटलं. तुम्ही 2017 च्या मे महिन्यातल्या, फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या वॅनाक्रायचं सांगितलंत. तो ज्या छिद्रातून शिरला त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मार्चमध्येच आला होता, ज्यांनी तो टाकला नाही त्यांची मशीन्स अडकली, इंग्लंडातली इस्पितळंसुद्धा. "भीती खोटी नाही काकू, फक्त तिला तारीख चुकीची लावतात. पंधरा तारखेला सकाळी मशीन मरत नाही. पण पॅच येणं थांबलं की एकेक दार उघडं राहत जातं." हे मला समजलं. मग तो एका वर्षाच्या जादा सुरक्षेचा मार्ग. 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत अपडेट मिळतात, 30 डॉलर भरून, नाहीतर मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्याकडे ठेवला तर फुकट. आधीच्या कुणाच्याही तोंडून मी हे ऐकलं नव्हतं. ऐकू कसं येणार? त्यात दुकानाला सुटतं काय?

तुम्हालाही काही सुटलं नाही. उलट तुम्ही मशीनला कान लावून म्हणालात, अपग्रेडचं राहू दे, ही हार्ड डिस्क दिवाळी काढेल असं वाटत नाही. तिची हुबेहूब नक्कल नव्या एसएसडी डिस्कवर करून दिलीत. अंकाच्या मध्यावर ती जुनी डिस्क बंद पडली असती तर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही.

पण दादा, मी हे पत्र लिहितेय ते खरं तर दोन कागदांसाठी.

काम सुरू करायच्या आधी तुम्ही मला जुन्या अंकातलं सगळ्यांत अवघड पान काढायला सांगितलंत. मी एक कविता आणि तिच्याखाली तळटिपा असलेलं पान काढलं, छापून दिलं. नवी डिस्क बसली, मशीन सुरू झालं, लॉक लागलं, फाँट दिसले. मी म्हटलं, झालं. इथं कुणीही बिल केलं असतं. तुम्ही तेच पान पुन्हा छापायला लावलंत आणि दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावलेत. आमच्या धंद्यात पाठपोट, म्हणजे कागदाच्या दोन्ही बाजूंची छपाई, जुळतंय का ते आम्ही असंच उजेडात बघतो. तुम्हाला ते कुणी शिकवलं नव्हतं. तुमचं घरचं बोलणं कानडी, निपाणीकडचं. मराठी तुम्ही थांबत थांबत वाचता. मी असते तर नजर फिरवून ठीक म्हटलं असतं, वाचायची सवय झालेला माणूस अक्षर बघतच नाही. तुम्ही एकेक काना, एकेक मात्रा बोटानं जुळवत खाली आलात, आणि तळटिपेपाशी थांबलात. "काकू, इथं एक शब्द खालच्या ओळीत गेलाय."

गेला होता. एकच शब्द. दोनशेवर पानांच्या अंकात एका टिपेतला शब्द खाली गेला की ओळ वाढते, ओळ वाढली की पान सरकतं, पान सरकलं की अनुक्रमणिका खोटी ठरते, आणि हे कळतं ते छापून आल्यावर. तुम्ही थोडा वेळ शोधलंत आणि म्हणालात, "माझ्यामुळंच झालं. मघाशी पीडीएफ काढून बघितली ना, तोच प्रिंटर ठरून बसलाय." पेजमेकर ओळी बसवताना प्रिंटरही बघतो, प्रिंटर बदलला की मजकूर हलू शकतो. जुना प्रिंटर परत ठरवलात, तिसरा कागद काढलात, पुन्हा काचेला. जुळलं.

'माझ्यामुळंच झालं' हे तुम्ही ज्या सहजतेनं म्हणालात ना, तशी माणसं मी प्रेसमध्ये पाहिली होती. सासऱ्यांकडे एक कंपोझिटर होते, उलटा खिळा लागला की मालकानं बघायच्या आत स्वतः ओरडून सांगायचे. त्यांच्यानंतर मध्ये बरीच वर्षं मोकळी गेली. आता कुठलीही गोष्ट बिघडली की ती वरून बिघडलेली असते, कंपनीची पॉलिसी असते, सर्व्हर डाउन असतो, तुमचंच व्हर्जन जुनं असतं. समोर उभ्या माणसाचा त्यात कधीच काही हात नसतो. तुम्ही पंचविशी-तिशीतले असाल. तुमच्या वयाच्या मुलांबद्दल माझ्या वयाच्या बायका जे बोलतात, ते मी आता जरा जपून बोलते.

बिलाचंही सांगून टाकते. डिस्कची पावती तुम्ही जशीच्या तशी दिलीत आणि मजुरी जी सांगितलीत, ती ऐकून आमचे हे म्हणाले, "एवढ्यात तर लोक नुसतं येऊन बघून जातात." जुनी डिस्क पाकिटात घालून, वर तारीख लिहून, माझ्या हातात ठेवलीत. "ही फेकू नका, पहिला अंक निघेपर्यंत कपाटात असू दे." अजून आहे. काढायला हात होत नाही.

पुढचं तुम्ही सांगितलंय तसंच करणार आहे. हे मशीन ऑक्टोबर 2026 पर्यंत असं, नंतर त्याचं नेट कायमचं काढायचं आणि ते फक्त जुन्या फायलींपुरतं ठेवायचं. नवीन कामासाठी नवं मशीन, अकरावालं, युनिकोडवर. इनस्क्रिप्ट या युनिकोडच्या कळफलकाचा सराव दुपारी चालू केलाय. वेलांटी आधी दाबायला बोट अजून जातंच. लग्नसराई संपेपर्यंत बहुतेक बसेल. मशीन कुठलं घ्यायचं ते तुम्ही सांगाल ते, फक्त या वेळी मजुरी नीट लावा, नाहीतर मी दुसऱ्याकडून घेईन. दुसरा कोण, ते मात्र विचारू नका.

अंकाची प्रत तुमच्यासाठी ठेवली आहे. त्यातली तळटिपांची पानं सावकाश वाचा; काही सापडलं तर मला एकटीलाच सांगा, संपादकांना नको.

आणि एक काम आहे. माझ्या शेजारणीचं ते चकचकीत मशीन एकदा बघाल का? तिची जुनी डिस्क दुकानदारानं पुसली नसेल तर फायली निघतील, असं तुम्हीच ओझरतं म्हणाला होतात. ती विचारायला संकोचते, म्हणून मी विचारतेय. तिच्याकडे चहात साखर फार असते, तेवढं आधीच सांगून ठेवते.

तुमची,
अक्षरजुळणीवाल्या काकू
कोल्हापूर